ज्यांची तक्रार नसते त्यांची वही

४ मार्च

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू ते वाचशील इतकं मी तुला ओळखते.

आधी आईचं सांगते. ती हॉस्पिटलमधून परत वृद्धाश्रमात आली आहे. तीन दिवस सलाइन लावलं होतं. लघवीचा संसर्ग आटोक्यात आला, ताप गेला. आता माणसं ओळखते, नीट बोलते आणि माझे केस बघून "हे काय करून घेतलंस?" असंही विचारते, म्हणजे बरी आहे. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं. का, ते त्यांना कळलं नाही.

तुझी चार पानी तक्रार इथल्या ऑफिसात पोहोचली. मला वाचायला दिली. 'माझ्या आईला एक परका पुरुष आंघोळ घालतो. तिला पुरेसं पाणी दिलं जात नाही. बहिणीने तिला इथे टाकल्यापासून तिच्याकडे बघणारं कुणी नाही.' पहिली दोन वाक्यं ऑफिससाठी होती आणि तिसरं माझ्यासाठी. पोचलं.

तुझ्या तक्रारीने काय झालं तेही तुला कळायला हवं. ज्या माणसाबद्दल तू लिहिलंस, त्याला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं आहे. आई त्याला लांबुडा म्हणते, कारण तो दारातून वाकून आत येतो. चौकशी पंचवीस तारखेला आहे. त्याचा दोष ठरला तर त्याची नोंद होईल आणि मग असल्या कुठल्याच संस्थेत त्याला काम मिळणार नाही. अकरा वर्षं तो हेच करतो आहे. तोही आपल्यासारखाच दुसऱ्या मुलखातून इथे आलेला आहे.

चौकशी करणाऱ्या बाई इथल्याच आहेत. तक्रारी ऐकणं हीच त्यांची नोकरी. मला वाटलं होतं, गोड बोलून दाराबाहेर काढणारं कुणीतरी असेल. झालं भलतंच. त्यांनी मला आईच्या खोलीत येऊच दिलं नाही! "तुमच्या आईंशी मी दुभाष्यामार्फत बोलेन. नातेवाइकांना मी दुभाषी करत नाही." मी म्हटलं, "अहो, मी सख्खी मुलगी आहे." तर म्हणतात, "म्हणूनच." दुसऱ्या कुठल्यातरी शहरात बसलेली आपल्या भाषेची एक बाई फोनवर घेतली, फोन आईच्या टेबलावर ठेवला आणि दार लावून घेतलं. मी बाहेर पॅसेजमध्ये. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू.

आश्रमात ठेवताना मी सगळे कागद नीट भरून दिले होते. तेव्हा त्या बाजूने काळजी नसावी.

तुझी बहीण (टाकणारी)


११ मार्च

दादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती.

आठवडाभर दुपारची रजा टाकून मी त्या पॅसेजमधल्या बाकावर बसते आहे. आईला भेटायला जाते म्हणून सांगते, पण खरं म्हणजे त्या बाईंना बघायला जाते. दोन चष्मे असतात त्यांच्याकडे, एक डोळ्यांवर आणि एक डोक्यावर, आणि हवा असतो नेमका तिसरा. आवाज बेताचा. वय माझ्याहून लहान. पण काय माणूस आहे!

इथे चाळीस म्हातारी माणसं आहेत आणि निदान बारा भाषा. चार नंबरच्या खोलीत एक जुने जहाजी आहेत. ते दिवसाला दोन तक्रारी करतात, त्याही आरडाओरडा करून. सूप गार, खिडकी उघडी, शेजारी घोरतो. बाई प्रत्येक तक्रार लिहून घेतात, मान हलवतात. मी म्हटलं, "तुम्हाला कंटाळा येत नाही?" म्हणाल्या, "ते ज्या दिवशी ओरडले नाहीत, त्या दिवशी मी डॉक्टरांना बोलावलं होतं. खरंच न्यूमोनिया निघाला."

नऊ नंबरच्या आजी नाराज असल्या की जास्त स्तुती करतात. एकदा म्हणाल्या जेवण चांगलं होतं, तर चांगलं होतं. दोनदा म्हणाल्या, तर ताट बघायला जायचं. चौदा नंबरचे नवराबायको तक्रार करायची झाली तर काहीतरी भेट आणून देतात, स्वतः विणलेला रुमाल वगैरे. त्यांच्याकडे म्हणे मागणं घेऊन रिकाम्या हाताने जात नाहीत. बाई रुमाल परत करतात आणि विचारतात, "काय बिघडलंय?" हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नाही. एकेका खोलीत बसून, चुका करून शिकल्या, असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांच्याकडे दोन वह्या आहेत. एक तक्रारींची, ती सगळ्याच संस्थांत असते. दुसरी ज्यांनी महिनाभरात एकही तक्रार केली नाही त्यांची. दर सोमवारी ती वही घेऊन त्या निघतात आणि त्यातल्या एकेकाच्या खोलीत जाऊन बसतात. मी विचारलं, "आईचं नाव कुठल्या वहीत?" त्यांनी दुसरी वही उघडून दाखवली. पहिल्याच पानावर. दीड वर्षात एकही तक्रार नाही. "मी इथे येऊन तीनच महिने झालेत," म्हणाल्या, "त्यांच्या खोलीपर्यंत पोचायला मला उशीर झाला. हे माझ्या अहवालात लिहिणार आहे."

अशी माणसं ऑफिसात असतात यावर माझा विश्वास नव्हता. माझ्या ऑफिसात तर चूक ही नेहमी रजेवर असलेल्या माणसाची असते.

आता ऐक, आई कशी बोलली ते. हे मी आईच्या परवानगीने लिहिते आहे. तशी परवानगी तिच्याकडून घ्यावी लागते हेही मला इथेच कळलं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, सगळं छान आहे. दुसऱ्या दिवशीही, सगळं छान, सगळे किती करतात माझं. आपली आई, दुसरं काय म्हणणार! तिला गरम तव्यावर उभं केलं तरी "ऊब बरी आहे" म्हणेल. तिसऱ्या दिवशी बाईंनी आश्रमाबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "समजा उद्या तुमच्या भाषेची एक बाई इथे राहायला आली. नवखी आहे, बिचकलेली आहे. तुम्ही तिला काय सांगून ठेवाल?"

आईने जरा विचार केला आणि म्हणाली, "सांगेन, संध्याकाळनंतर पाणी पिऊ नकोस. सकाळीही दोन घोटच घे. म्हणजे न्हाणीघरात जायची वेळ कमी येते."

झालं. पाणी तिला रोज दिलं जात होतं, दादा. न्हाणीघरात लांबुडाच न्यायचा, म्हणून ती ते कुंडीत ओतत होती. दीड वर्ष. खिडकीतलं ते झाड इतकं फोफावलंय की मी प्रत्येक वेळी त्याचं कौतुक करत होते.

तुझं एक मान्य करते. हॉस्पिटलातून फोन आल्यावर तू नर्सला विचारलंस, "माझ्या आईला आंघोळ कोण घालतं?" हा एक प्रश्न तू हजारो मैलांवरून विचारलास. मी दर रविवारी इथे येते, मला नाही सुचला. मला माहीत नव्हतं.

बस करते आता. बाक फार टणक आहे.


१९ मार्च

दादा,

मागच्या पत्रातली शेवटाकडची एक ओळ खोटी आहे. 'मला माहीत नव्हतं' ही. आठ दिवस ती माझ्या डोक्यात वळवळते आहे. सांगूनच टाकते.

आश्रमात नाव घालताना एक अर्ज असतो. बत्तीस प्रश्न. उशी एक की दोन, दिवा चालू की बंद, कुणी कुठल्या नावाने हाक मारावी. तो अर्ज मी माझ्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून भरला. आई सोबत नव्हती. पहिल्या प्रश्नापुढे मी लिहिलं, 'काहीही चालतं.' दुसऱ्यापुढे तेच. मग तेही लिहायचा कंटाळा आला आणि खाली नुसत्या खुणा करत गेले. सातवा प्रश्न होता, 'आंघोळ आणि कपड्यांसाठी मदतनीस स्त्री हवी, पुरुष चालेल की दोन्ही?' तिथेही तीच खूण.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट अभिमान वाटला, बघा आमची आई किती समजूतदार. आणि थोडी भीतीही होती. परक्या मुलखात जास्त अटी घातल्या तर म्हणतील, ही माणसं त्रासाची आहेत. आपल्या घरात हे दुधासोबतच पाजलंय की आपल्यापायी कुणाला त्रास नको. कुणाकडे गेलो आणि काय घेणार विचारलं की आपण म्हणायचं काहीच नको. मग ते आणतातच. इथे आणत नाहीत, दादा. इथे लिहिलेलं खरं धरतात.

आणखी एक. गेल्या वर्षी एका रविवारी मी लवकर आले होते. लांबुडा आईचा टॉवेल खांद्यावर टाकून तिची खुर्ची ढकलत न्हाणीघराकडे नेत होता. आईने माझ्याकडे बघितलं. मी फोन काढला आणि त्यात बघत बसले. मला सगळं कळलं होतं. पण त्याबद्दल बोलायचं तर अर्जाबद्दल बोलावं लागलं असतं, मग तुला कळलं असतं, आणि तू म्हणाला असतास, बघ, मी सांगत नव्हतो! तुझ्यापुढे चुकायचं नाही म्हणून मी आईला त्या खुर्चीत तसंच जाऊ दिलं. मला स्वतःची शरम वाटते.

काल बाईंच्या टेबलासमोर बसून हे सगळं सांगितलं. रडले, नाक शिंकरलं, अगदी शोभा झाली. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि अर्ज बाहेर काढला. पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे होता!

"मग मला दाखवला का नाहीत?" मी विचारलं. "तुमच्या आश्रमाची त्यात काहीच चूक नव्हती."

म्हणाल्या, "दाखवला असता तर तक्रार पाच मिनिटांत निकालात निघाली असती. सही तुमची, अक्षर तुमचं. तुमच्या भावाला एक प्रत पाठवली असती की प्रकरण बंद. पण तुमच्या आई पाणी कुंडीतच ओतत राहिल्या असत्या." मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणून म्हणाल्या, "शिवाय चूक आहेच. राहणारी बाई वेगळी आणि अर्ज भरणारी वेगळी, हे आम्ही चालवून घेतलं."

लांबुड्याचंही त्यांनी ऐकून घेतलं. त्याच्या मुलखात म्हणे वडीलधाऱ्या बाईला अंगाबद्दल, आंघोळीबद्दल काही विचारणं म्हणजे उद्धटपणा. गुपचूप, मान खाली घालून सेवा करायची. म्हणून त्याने विचारलं नाही. आणि आईने सांगितलं नाही, कारण बिचारा इतकं मनापासून करतो. दोघंही सभ्य. सभ्यपणानेच घात केला.

मी पंचवीस तारखेला हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुलाही फोनवर जोडतील. तक्रार मागे घे असं मी म्हणत नाही, बाईही म्हणत नाहीत. फक्त त्यात ज्याचं नाव आहे तो माणूस चुकीचा आहे. माझं घाल.


२६ मार्च

दादा,

तू फोनवर होतास हे मला माहीत आहे, पण तुला दिसलं काहीच नाही. म्हणून लिहिते.

खोली लहान. लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग. आश्रमाचे संचालक, बाहेरून आलेले एक तपासनीस, बाई, मी, लांबुडा आणि चाकाच्या खुर्चीत आई. दुभाषी बाई फोनवर, तू दुसऱ्या फोनवर. लांबुड्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. माझं बोलणं तू ऐकलंसच. मी बोलत असताना आई माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याच्या जगाकडे बघत होती.

त्यानंतर तपासनीस म्हणाले, म्हणजे चूक घरच्यांची, प्रकरण संपलं. संचालकांनी फाइल मिटायला घेतली. तेव्हा बाई म्हणाल्या, "नाही संपलं. जिची तक्रार आहे तिला अजून कुणी विचारलेलं नाही." किती शांतपणे म्हणाल्या! आपल्या साहेबाला सगळ्यांसमोर थांबवायला किती हिंमत लागते ते मला विचार, मी वीस वर्षं ऑफिसात मूग गिळून बसले आहे.

मग त्या आईला म्हणाल्या, "हा माणूस उद्यापासून कामावर परत येईल. तुमचं उत्तर काहीही असलं तरी येईल, त्याची नोकरी जाणार नाही. आता सांगा. त्याने तुम्हाला आंघोळ घातलेली तुम्हाला चालेल का?"

आई लांबुड्याकडे बघत होती. मला माहीत होतं, ती आता "चालेल" म्हणणार. मी तोंड उघडलं, तर बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. खरंच. चांगला दाबून.

आई म्हणाली, "नको."

बहात्तर वर्षांत मी... म्हणजे तिच्या बहात्तर वर्षांत, माझ्यासमोर तरी तिने हा शब्द स्वतःसाठी वापरलेला मला आठवत नाही. मग लगेच लांबुड्याला म्हणाली, "तू चांगला आहेस रे. माझ्या मुलांपेक्षा हलक्या हाताचा आहेस. पण आंघोळ नको." दुभाषी बाईने सांगितल्यावर तो उठला, तिच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "आई, हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी आनंदाने बाहेर थांबलो असतो. मी विचारायला हवं होतं." त्याचे डोळे भरले होते. माझेही. तपासनीस जगातून पाणी ओतून घेत होते, ते थांबले आणि त्यांनी तो ग्लास आईला दिला. तिने सगळा प्यायला.

आता लांबुडा पुरुषांच्या बाजूला आहे. आईसाठी दोन बायका आहेत, आलटून पालटून. त्याची कसलीही नोंद झालेली नाही.

शेवटी तू फोनवर "बरं" म्हणालास. एवढंच. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. थोडा बाबांसारखा झाला आहे.


३ एप्रिल

दादा,

मला वाटलं होतं, आता बाईंचं काम संपलं. पण त्या म्हणाल्या, सातव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, अजून एकतीस राहिलेत. कोरा अर्ज घेऊन त्या आईकडे बसल्या. मी बाहेर, बाकावर. चार दुपारी लागल्या. आईला दोन उशा हव्या होत्या. दिवा बंद नको होता. सूप तिला मुळीच आवडत नाही, जहाजींच्या बाजूने आहे ती. तिला मावशी म्हटलेलं आवडत नाही, तिच्या नावाने हाक मारलेली आवडते. ती हाक बाबांनंतर कुणीच मारली नव्हती. ऐकून मी थक्क झाले. पन्नास वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला काय आवडतं हे मला एक फॉर्म सांगतो आहे.

शेवटचा प्रश्न होता, कुठे राहायला आवडेल.

खरं सांगते, दार लावलेलं होतं तरी मी कान लावून बसले होते. मला वाटलं होतं ती माझ्या घराचं नाव घेईल. सहा वर्षं ती माझ्याकडे होती. मी ऑफिसात असताना दोनदा पडली, दुसऱ्यांदा चार तास न्हाणीघरात तशीच होती, म्हणून मी तिला इथे आणलं. तू त्याला टाकणं म्हणतोस. ती माझं घर म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. नोकरी सोडली असती कदाचित. रात्रंदिवस मी त्याच उत्तराला घाबरत होते आणि त्याचीच वाट बघत होते.

ती म्हणाली, "मुलाकडे."

बाईंनी विचारलं, हे कधीपासून वाटतं? आई म्हणाली, "त्याचे वडील गेले तेव्हापासून. तो म्हणाला होता, घर लावतो आणि तुला नेतो. मी विचारलं नाही पुन्हा. त्याला अडचण असेल."

मला फार लागलं. बाकावरून उठून मी बाहेर जाऊन आले, कुंपणाला दोन चकरा मारल्या. मग परत आले, कारण बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात कागद होता. आईने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वाचता येतं. चार ओळी आहेत. मी वाचल्या, आत जाऊन आईला विचारून. सोबत मूळ कागदच पाठवते आहे, प्रत त्यांच्याकडे राहील.

मी बाईंना म्हटलं, "ही काही तुमच्या संस्थेबद्दलची तक्रार नाही." त्या म्हणाल्या, "नाही. पण तक्रार आहे, आणि माझ्या हातात दिली आहे." त्यांनी पहिली वही उघडली आणि आईचं नाव तिथे लिहिलं. तक्रारींच्या वहीत, जहाजींच्या खाली. आई त्यांच्याकडे बघत होती, लिहून होईपर्यंत. दुसऱ्या वहीतलं तिचं नाव त्यांनी पट्टी लावून, सरळ रेघ मारून काढून टाकलं. दादा, माझ्या आयुष्यात मी कुणाला इतका मान दिलेला पाहिला नाही.

तुला नेता येईल की नाही, ते मला माहीत नाही. वहिनीची नोकरी आहे, तुझी पाठ आहे, घराला जिने आहेत. 'नाही' असेल तर 'नाही' लिही. ती आता 'नको' म्हणू शकते, तिला 'नाही' ऐकताही येईल. 'बघू' मात्र लिहू नकोस.

वहीत शेवटचा रकाना असतो, उत्तर कोण देणार त्याचा. बाईंनी पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. चौदा दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मी तुझा पत्ता दिला.